मोमेटासोन ०.१ टक्के मलम: औषध उत्तम, खोक्यावरची सूचना अपुरी

इसब चिघळून खाज असह्य झाली, कातडी लाल-काळपट आणि जाड झाली, की डॉक्टर अनेकदा जे स्टिरॉइड मलम लिहून देतात ते म्हणजे मोमेटासोन फ्युरोएट ०.१ टक्के. ते बऱ्याच कंपन्या बनवतात आणि आतले औषध तेच असते. इथे विचार केला आहे तो त्याच्या ऑइंटमेंट प्रकाराचा आणि १५ ग्रॅमच्या ट्यूबचा. औषध म्हणून आमचा कौल निःसंशय त्याच्या बाजूने आहे. दिवसातून एकदाच लावावे लागते, चोळताना झोंबत नाही, आणि हातापायांवरचा कोरडा, जाडसर इसब योग्य प्रमाणात लावल्यास एक-दोन आठवड्यांत खाली बसतो. खोट आहे ती खोक्यावरच्या एका ओळीत: ‘बाधित भागावर पातळ थर लावावा.’ पातळ म्हणजे किती, कुठल्या भागावर, किती दिवस, यातले काहीच ती सांगत नाही. या मलमाबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच तीन गोष्टींत सापडते.

आधी खोके नीट वाचा. मराठीत आपण सरसकट सगळ्यालाच ‘मलम’ म्हणतो आणि तिथेच पहिली गफलत होते. एकाच नावाची, एकाच टक्केवारीची ट्यूब ‘क्रीम’ म्हणूनही येते आणि ‘ऑइंटमेंट’ म्हणूनही. क्रीममध्ये पाणी बरेच असते, ते पांढरे दिसते आणि त्वचेत जिरते. ऑइंटमेंट अर्धपारदर्शक आणि तुळतुळीत असते, त्याचा मुख्य घटक मऊ पॅराफिन. पॅराफिनचा थर त्वचेतला ओलावा उडू देत नाही, कातडी मऊ पडते आणि औषध जास्त आत शिरते. म्हणून तेच ०.१ टक्के मोमेटासोन ऑइंटमेंटमध्ये क्रीमपेक्षा जोरकस ठरते. अमेरिकेत स्टिरॉइड मलमांच्या सात पायऱ्या मानतात, पहिली सर्वांत तीव्र. तिथे मोमेटासोनचे ऑइंटमेंट दुसऱ्या पायरीवर आहे, क्रीम चौथ्या. कोरड्या, भेगाळलेल्या, जाड चट्ट्याला ऑइंटमेंट बरे. पाणी सुटणाऱ्या, ओलसर पुरळावर ते टिकत नाही, तिथे क्रीम हवे. केसाळ भागावर दोन्ही नकोत, लोशन मागावे.

टक्केवारीवरून जोर ठरवणे ही दुसरी गफलत. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का सर्वांत सौम्य गटात आहे, आणि क्लोबेटासोल प्रोपियोनेट ०.०५ टक्के सर्वांत तीव्र गटात. आकडा वीसपट लहान असूनही क्लोबेटासोलचा जोर कैक पटींनी मोठा आहे, कारण रेणूच वेगळा. घरातल्या एकाची एक टक्क्याची ट्यूब संपली म्हणून दुसऱ्याची ०.०५ टक्क्याची ‘हलकी’ ट्यूब वापरणे, हा घोटाळा याच समजातून होतो. ट्यूबवरचे औषधाचे नाव वाचा, आकडा नंतर.

आता ‘पातळ थरा’बद्दल. त्वचारोगतज्ज्ञांकडे याचे मोजमाप १९९१ पासून आहे आणि ते लक्षात ठेवायला आपल्याकडे सुंदर शब्दही आहे: पेर. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची एक सलग वळी काढायची. ट्यूबचे तोंड साधारण ५ मिलिमीटर रुंद असेल, तर ही पेरभर वळी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते. एवढे मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. एका हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत ३ पेर, एका पंजाला दोन्ही बाजू मिळून १, एका पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत ६, एका पाऊलाला २, छाती-पोटाला ७, पाठ आणि नितंबाला ७. लहान मुलांसाठीही पेर मोठ्या माणसाचेच, फक्त संख्या कमी: तीन ते पाच वर्षांच्या मुलाच्या संपूर्ण हाताला पंजासकट २, पायाला पाऊलासकट ३. ट्यूबचे तोंड बारीक असेल तर वळीही बारीक येते आणि पेर अर्ध्या ग्रॅमला पुरत नाही. काही कंपन्यांच्या ट्यूबला असे बारीक तोंड असते, ते एकदा बघून घ्या.

हिशेब करून पाहिला की ट्यूबचा आकार बरोबर आहे का तेही कळते. दोन्ही कोपरांच्या घड्यांत प्रत्येकी तळहाताएवढा चट्टा आहे असे धरू. मिळून दोन तळहात, म्हणजे रोज १ पेर, अर्धा ग्रॅम. चौदा दिवसांत ७ ग्रॅम. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये निम्म्याहून जास्त उरते, म्हणजे अशा रुग्णाला ही ट्यूब भरपूर. पण एक अख्खा पाय चिघळला असेल तर रोज ३ ग्रॅम लागतात आणि तीच ट्यूब पाच दिवसांत संपते. एवढ्या भागासाठी एकच ट्यूब लिहून मिळाली असेल तर डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारा. नाहीतर रुग्ण ती महिनाभर पुरवतो. रोज वाटाण्याएवढे मलम पायभर ओढून पसरवतो, सूज अर्धवट उतरते, खाज चालू राहते, आणि चौदा दिवसांचे काम तीन महिने रेंगाळते. कमी लावणे म्हणजे जपून लावणे नव्हे. अपुरा डोस लांबत गेला की एकूण औषध जास्त लागते आणि बरेही वाटत नाही.

प्रमाणापेक्षाही महत्त्वाची आहे जागा. हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषले जाते याचे १९६७ सालचे मोजमाप आजही आधाराला घेतात. हाताच्या आतल्या बाजूचे शोषण १ धरले, तर तळपायाचे त्याच्या साधारण सातवा हिस्सा, टाळूचे साडेतीन पट, कपाळाचे ६ पट, जबड्यालगतच्या त्वचेचे १३ पट आणि वृषणाच्या त्वचेचे ४२ पट. यावरून सरळ निघते की तळपायाच्या जाड कातडीवर जे मलम पंधरा दिवसांत जेमतेम काम करते, तेच जांघेत आठवड्याभरात इजा करू शकते. म्हणून हे ऑइंटमेंट चेहरा, पापण्या, काख, जांघ, गुप्तांग इथे आपणहून लावू नये. त्या जागांना सौम्य मलम वेगळे असते. पापणीच्या बाबतीत धोका डोळ्यालाही आहे: वारंवार वापराने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. लावलेल्या भागावर प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी बांधली की शोषण कैक पटींनी वाढते, आणि बाळाचा डायपर हीसुद्धा एक घट्ट पट्टीच असते. दोन वर्षांखालच्या मुलाला हे मलम द्यायचे नाही, आणि मोठ्या मुलांतही सलग तीन आठवड्यांपुढे न्यायचे नाही.

लावायची पद्धत साधी आहे. कोमट पाण्याने अंघोळ, त्वचा टिपून कोरडी करायची, घासायची नाही. मग साधे मॉइश्चरायझर सगळीकडे. अर्ध्या तासाने मलम फक्त चट्ट्यांवर. क्रम उलटा केला तरी चालतो, पण मध्ये वेळ जाऊ द्या. लगेच एकावर एक लावले तर स्टिरॉइड पातळ होते आणि मॉइश्चरायझरबरोबर सरकत निरोगी कातडीवर जाते. मॉइश्चरायझरमध्ये मलम कालवून ठेवणे तर मुळीच नको, डोसचा काही भरवसाच राहत नाही. वळीतले थोडे थोडे मलम चट्ट्यावर टिकल्यांसारखे ठेवा, मग केसांच्या दिशेने हलक्या हाताने पसरवा. त्वचेवर मंद चकाकी दिसली की प्रमाण बरोबर. पांढरट लेप राहिला तर जास्त झाले, काहीच चकाकले नाही तर कमी. नंतर हात धुवा, पंजाचाच इलाज चालू असेल तर अर्थातच नाही. खाज उठेल तेव्हा पुन्हा थोडे लावायची सवय लागते, ती मोडा. हे औषध पेशीच्या आत जाऊन सूज वाढवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती कमी करते, त्याला काही तास लागतात. तासाभराने दुसऱ्यांदा लावून खाज लवकर थांबत नाही. त्या वेळी मॉइश्चरायझर लावा, जितक्या वेळा लावाल तितके चांगलेच.

थांबायचे कधी, हे सर्वांत जास्त चुकते. डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवा. खरखर आणि जाडपणा जाऊन बोट शेजारच्या कातडीइतके सपाट सरकले, आणि खाज नसली, की मलमाचे काम झाले. डोळे उघडल्यावर तिथे काळा किंवा फिकट डाग दिसेलच. सावळ्या त्वचेवर तो कित्येक महिने राहतो. तो डाग म्हणजे इसब नाही, सूज ओसरल्यानंतर उरलेला रंग आहे, आणि तो स्टिरॉइडने जात नाही. डाग घालवायला म्हणून पुढे दोन महिने लावत राहिलेले मलम कातडी पातळ करते. तिथे बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, साध्या धक्क्याने काळे-निळे पडते, जांघेत आणि काखेत ताणल्यासारखे पट्टे उमटतात. पातळ झालेली त्वचा औषध बंद केल्यावर बरीचशी सावरते, पट्टे मात्र कायमचे राहतात. चेहऱ्यावर उजळपणासाठी हे लावणे म्हणजे याच नुकसानीला आमंत्रण, वर मुरुम आणि तोंडाभोवतीचे लाल पुरळ. तीव्र मलम दीर्घकाळ, विशेषतः चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर लावून थांबवले, की काही जणांची त्वचा काही दिवसांत भाजल्यासारखी लाल होते, आग होते, आणि लाली मूळ चट्ट्याच्या बाहेर पसरते. त्या वेळी पुन्हा तेच मलम फासू नये, डॉक्टरांना गाठावे.

इसब त्याच जागी परत परत उठत असेल, तर डॉक्टर बरी झालेल्या जागेवर आठवड्यातून दोनच दिवस लावायला सांगतात, उरलेले दिवस फक्त मॉइश्चरायझर. रोजच्या लांबलेल्या वापरापेक्षा हे कितीतरी बरे, आणि उफाळणे खरोखर कमी होते. मात्र ते डॉक्टरांनी आखून द्यावे.

हे मलम ज्यावर मुळीच नको अशी पहिली गोष्ट म्हणजे गजकर्ण. कडेने उठलेली गोल कड, मधला भाग त्यामानाने साफ, आणि कड बाहेर सरकत जाणारी, असे दिसले की ती बुरशी. स्टिरॉइडने खाज आणि लाली दबते, रुग्णाला वाटते लागू पडले, पण बुरशी निर्धास्त वाढते. काही आठवड्यांनी गोल कडच पुसली जाते आणि ओळखणेही अवघड होते. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली ट्यूब ‘कशालाही चालेल’ म्हणून घेण्यातला धोका हाच आहे. पू किंवा मधासारख्या पिवळ्या खपल्या असतील तर आधी जंतुसंसर्गाचा इलाज हवा. इसब अचानक दुखू लागला, एकसारखे बारीक फोड किंवा टोचून काढल्यासारखे व्रण आले आणि ताप असेल, तर तो नागिणीच्या जातीतल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्या दिवशीच रुग्णालयात जायला हवे. आणि सगळे बरोबर करूनही लावलेल्या जागीच पुरळ वाढत असेल, तर क्वचित स्टिरॉइडचीच किंवा मलमातल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी असते, तिची तपासणी पट्टी लावून करता येते.

किरकोळ तक्रारी म्हणाल तर चिकटपणा. अंगाला चिकटते, कपड्यांवर तेलकट डाग पडतात, म्हणून रात्री झोपण्याआधी लावणे सोयीचे. कपड्यात आणि चादरीत मुरलेले पॅराफिन धुऊनही पूर्ण जात नाही आणि अशी कापडे पेटली तर भराभर जळतात. मॉइश्चरायझरही पॅराफिनचे असेल तर हे जास्तच लागू. विस्तव, मेणबत्ती, सिगारेट यांपासून ती लांब ठेवा. ट्यूब उघडली त्या दिवशीची तारीख पेनाने तिच्या पोटावर लिहा, ती किती दिवस पुरली हे नंतर दुसऱ्या कशानेही कळत नाही. आठवडाभर पेर मोजून लावूनही काडीचा फरक नसेल, तर पुढच्या भेटीला तीच तारखेची ट्यूब सोबत न्या, संपली असली तरीही. तिच्यावरचे नाव, क्रीम की ऑइंटमेंट, आणि किती दिवसांत किती ग्रॅम संपले, एवढ्यावरून डॉक्टरांना औषध बदलायचे की प्रमाण, हे लगेच ठरवता येते.