काम हिटर प्लगचं, बिल हेड खोलल्याचं : थंडीत धूर मारणाऱ्या डिझेल गाडीवाल्यांनो, वाचा

नाशिक, निफाड, सिन्नर पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि काही गॅरेजवाल्यांचा सीझन सुरू होतो. माझी गाडी २०१२ ची, तेच फियाटचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन जे आपल्याकडे मारुती, टाटा, फियाट तिघांच्या गाड्यांत बसायचं, म्हणजे अजून रस्त्यावर भरपूर आहेत. इंजिनबद्दल तक्रार नाही, उत्तम इंजिन आहे. तक्रार गॅरेजची आहे, नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे.

तर झालं असं की सकाळी सेल्फ खूप लांब मारावा लागायचा, चालू झाली तरी एखादा सिलिंडर बंद असल्यासारखी थरथरायची आणि मागून पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला. दोन-तीन किलोमीटर गेलं की सगळं गायब. दुपारी तर चावी फिरवली की लगेच चालू. कूलंट कमी होत नव्हतं, ऑइल कमी होत नव्हतं, अ‍ॅव्हरेज पण तेवढाच.

हे सगळं मी त्या मोठ्या, चकाचक गॅरेजच्या सुपरवायझरला सांगितलं. त्याने चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं, आतून थोडी वाफ आली, लगेच म्हणतो "सर हे बघा, कॉम्प्रेशन खाली उतरतंय, रिंगा गेल्या." (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या, सिलिंडरमधला दाब धरून ठेवणाऱ्या कड्या.) मग झाकणाच्या आतली दुधाळ मलई बोटावर घेऊन दाखवली, "पाणी ऑइलमध्ये येतंय, हेड गॅस्केट गेलंय." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालचं पॅकिंग.) आता जुन्या डिझेलमध्ये झाकणातून थोडी वाफ येतेच, ढग बाहेर पडायला लागले किंवा झाकण नाचायला लागलं तर काळजी करायची. आणि ती मलई थंडीत जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दव धरून होते, खरं पाणी मिसळलं असतं तर डिपस्टिकवरचं ऑइलच चहाच्या रंगाचं झालं असतं. डिपस्टिक त्याने काढलीच नाही. कॉम्प्रेशन गेज तर गॅरेजमध्ये दिसलं पण नाही.

एस्टिमेट आलं हेड गॅस्केट, हेड फेसिंग, इंजेक्टर ओव्हरहॉल, हिटर प्लगचा (थंड इंजिन चालू व्हावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारे प्लग) सेट, ऑइल, कूलंट, लेबर धरून ३८,०००. दुसरीकडे दाखवतो म्हटल्यावर उत्तर आलं की गाडी खोललीय सर, आता परत बसवायचे पण पैसे लागतील. हीच खरी ग्यानबाची मेख. गाडी त्यांच्या ताब्यात आणि खोलली की नाही हे बघायला आपण आत जाऊ शकत नाही, "कस्टमर अलाऊड नाही" अशी पाटी असते.

शेवटी नाइलाजाने काम करू दिलं. डिलिव्हरी दिली दुपारी तीनला, इंजिन आधीच गरम करून. पहिल्या फटक्यात चालू, धूर शून्य. होणारच, गरम इंजिनला हिटर प्लगची गरजच नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच धूर आणि तोच वास. फोनवर म्हणे "नवीन काम आहे, सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात." जुने पार्ट मागितले तर भंगारात गेले.

मग मित्राने एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे पाठवलं, सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांनी एकच अट घातली, गाडी रात्रभर इथे राहील आणि सकाळी मी आल्याशिवाय कुणी चावीला हात लावायचा नाही. सकाळी आधी बॅटरी बघितली, साडेबारा व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या वर टिकली, म्हणजे बॅटरी ठीक. हिटर प्लगच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला, चावी फिरवल्यावर पेटला, म्हणजे प्लगला करंट देणारा रिले ठीक. मग वायर काढून प्रत्येक प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये मल्टीमीटर धरला. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. माझे चारपैकी तीन ओपन, म्हणजे आतून तार तुटलेले, मेलेले. आणि चारही जुनाट, गंजलेले, बिलात "नवीन सेट" लिहिलेले तेच हे!

पुढे नानांनी टॉर्च मारून एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (हेडला जोडलेला, धूर बाहेर नेणारा पाइप) नट दाखवले. वर्षानुवर्षांचा गंज आणि धूळ, पान्याची एक ओरखड नाही. "भाऊ, हेड काढलं असतं तर हे नट हलले नसते का?" मी तिथेच सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढले, नानांच्या हातातल्या मल्टीमीटरसकट.

प्लग काढायला मात्र त्यांनी घाई केली नाही. इंजिन गरम करून, मुळाशी गंज सोडवणारं ऑइल मारून हळूहळू फिरवले, कारण जुना प्लग आत तुटला तर मग खरंच हेड उतरवावं लागतं. चार प्लग आणि मजुरी मिळून साडेतीन हजारात काम झालं, पहाटे गाडी एका सेल्फला चालू, धूर गेला.

ज्यांची गाडी धूर मारतेय त्यांच्यासाठी थोडक्यात. पांढरा, डिझेलच्या वासाचा आणि गरम झाल्यावर जाणारा असेल तर आधी हिटर प्लग, मग डिझेल लाईनमध्ये हवा घेतेय का ते आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (कुठला इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतोय ते मोजणं). पांढरा, गोडसर वासाचा, गरम झाल्यावरही चालू आणि कूलंट घटतंय, तर हेड गॅस्केटचा संशय खरा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, फक्त सकाळी एक भपका मारत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, सतत असेल तर रिंगा किंवा टर्बो. काळा म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त. यातलं काहीही थंड इंजिनवर न बघता कुणी हेड खोलायला सांगत असेल तर गाडी घेऊन निघा, आणि काम दिलंच तर जुने पार्ट परत हवेत हे जॉबकार्डवर लिहून घ्या.

फोटो दाखवल्यावर गॅरेजने "गुडविल म्हणून" ११,००० परत केले, बाकीचं विसरा म्हणाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली, तिथे गॅरेजने उत्तरच दिलं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. नानांनी लेखी रिपोर्ट दिलाय, मेलेले तीन प्लग पिशवीत सील करून ठेवलेत. तारीख पडली की इथेच कळवतो.