राजवाड्याचे मजले आणि आमचा किल्लेदार: सायबरपंक रेडचे हॅकिंगचे नियम, नऊ महिन्यांनंतर

इंदूरला रामबागेत आमच्या घरी दर रविवारी दुपारी सायबरपंक रेडचा डाव बसतो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, भविष्यातल्या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा हा खेळ. गेल्या पावसाळ्यात सुरू केला, त्याला आता नऊ महिने झाले. खेळ मी चालवते. खेळणारे चौघं: माझा आत्येभाऊ, वहिनी, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी आणि बँकेतून निवृत्त झालेले काका. पुस्तक घेण्याआधी मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. एक जण हॅकिंग करत असताना बाकीचे तिघं काय करतात?

अशा खेळांची ही जुनी दुखरी जागा आहे. १९९० साली आलेल्या सायबरपंक २०२० या जुन्या आवृत्तीत नेटरनर, म्हणजे हॅकर, चौकटींच्या नकाशावर एकटाच डेटा फोर्ट्रेस (माहितीचे किल्ले) फोडत फिरायचा. तोवर इतर खेळाडू चहा करून येत. २०२० साली आलेल्या रेडने याचं मूळच उपटलं आहे. त्याच्या कथेत जुनं जगभरचं जाळं कोसळलेलं आहे, म्हणून हॅकरला घरबसल्या काही करता येत नाही. त्याला अ‍ॅक्सेस पॉइंटपासून, म्हणजे त्या इमारतीच्या स्वतःच्या जाळ्यात (नेटमध्ये) शिरायच्या जागेपासून, ६ मीटरच्या आत स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. मग गोळीबार चालू असताना त्याला आडोसा कोण देणार, दारावर कोण थांबणार, हे सगळे मिळून ठरवतात. त्याची पाळीही इतरांच्याच रांगेत येते. हातापायांची एक क्रिया सोडून तो नेटमधल्या क्रिया घेतो: इंटरफेसची, म्हणजे हॅकिंगच्या कौशल्याची, पातळी ४ असेल तर एका पाळीत ३, आणि पातळी १० झाली की ५. या एका बाबतीत मी रेडला पैकीच्या पैकी गुण देते. नऊ महिन्यांत कोणीही कंटाळून मोबाइल काढून बसलेलं मी पाहिलं नाही.

नेटची रचना मजल्यांची आहे. हे समजावताना मी इंदूरच्या राजवाड्याचं उदाहरण दिलं, ते सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. फक्त इथे आपण वरून आत शिरतो आणि खाली खाली उतरतो. एका मजल्यावर पासवर्ड, दुसऱ्यावर फाइल, तिसऱ्यावर कॅमेरे किंवा बंदुका चालवणारा कंट्रोल नोड, आणि मध्येच कुठेतरी टपून बसलेलं ब्लॅक आइस, म्हणजे हॅकरवर हल्ला करणारा राखणदार प्रोग्राम. आमच्या टेबलावर आता या रचनेला कोणी पुस्तकातल्यासारखं ‘आर्किटेक्चर’ म्हणत नाही. ‘वाडा’ म्हणतात.

आकड्यांचा हिशोब आधी करून ठेवलात तर बरं. पासवर्ड फोडायला दहा बाजूंचा फासा टाकून त्यात इंटरफेस मिळवायचं, आणि बेरीज ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त यायला हवी. बरोबरी चालत नाही. पातळी ४ असेल तर ८ चं कुलूप दहापैकी सहा वेळा उघडतं, १२ चं फक्त दोनदा. वर्म हा प्रोग्राम चालू असेल तर २ वाढतात आणि दोनाचे चार होतात. आत्येभावाने सुरुवातीला डेकमधल्या, म्हणजे हॅकरच्या संगणकातल्या, सगळ्या जागा मारामारीच्या प्रोग्रामांनी भरल्या होत्या आणि तो दुसऱ्याच मजल्यावर अडकून पडला होता. तिथून त्याने घाईने वायर उपटली. असं बाहेर पडलं की वाटेत भेटलेलं, न मारलेलं प्रत्येक ब्लॅक आइस जाता जाता तडाखा देतं. हेलहाउंड नावाच्या ब्लॅक आइसने त्याच्या मेंदूला मार दिला, डेक पेटला, अंगावरचे कपडे पेटले. ‘ताई, मला विझवा ना कोणीतरी!’ म्हणून तो ओरडत होता आणि काका स्वतःची पाळी खर्च करून त्याच्याकडे धावले. त्या दिवसापासून त्याच्या डेकमध्ये वर्म असतो.

काकांनी पहिल्याच रविवारी विचारलं होतं, ‘अगं, यातून पोरं बँका फोडायला तर नाही ना शिकणार?’ मी त्यांना ऑस्टिनची गोष्ट सांगितली, तिथेही एका नियमपुस्तकावर अशीच शंका घेतली गेली होती. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधल्या त्या शहरात स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या कचेरीवर छापा घातला आणि संगणकांसोबत छपाईला निघालेल्या गर्प्स सायबरपंक या नियमपुस्तकाचा मजकूरही नेला. कंपनी कोर्टात गेली आणि १९९३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, फासा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘बरं, माझी पाळी कधी?’

आता कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल. मला खरं सांगायचंय ते याबद्दलच.

वाडा सांभाळणाऱ्या बुद्धीला पुस्तकात डीमन म्हणतात, आम्ही किल्लेदार म्हणतो. इम्प सगळ्यात लहान, मग एफ्रीट, सगळ्यात थोरला बॅलरॉन. प्रत्येकाने किती मार सोसायचा, एका पाळीत किती क्रिया करायच्या, हे आकडे दिलेले आहेत. लढाईला तेवढे पुरतात. पण किल्लेदाराला काय माहीत आहे, हे चालवणाऱ्याने ठरवावं लागतं आणि चौथ्या महिन्यात मी तिथेच चुकले. मंडळींनी मागच्या जिन्याने शिरायचं ठरवलं. मी टेबलाशीच बसलेली, मी ते ऐकलं, आणि माझ्या किल्लेदाराने जिन्याचं दार आधीच बंद करून ठेवलं. वहिनीने शांतपणे विचारलं, ‘हे त्याला कुठून कळलं गं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला जे कळलं ते मी त्याला फुकट देऊन टाकलं होतं. यंत्र सर्वज्ञ झालं की खेळणाऱ्यांच्या हुशारीला किंमत उरत नाही, ही गोष्ट मला फार लागली.

तेव्हापासून प्रत्येक किल्लेदारासाठी मी डावाआधी एक कार्ड लिहिते. त्यावर तीन ओळी: त्याचं काम काय, त्याचे डोळे-कान कुठे आहेत, आणि त्याला काय माहीत नाही. कार्ड टेबलावर पालथं ठेवते. डाव संपला की कोणीही उलटून वाचावं आणि मी लबाडी केली असेल तर सांगावं.

पीथमपूरच्या डावात या कार्डाचं सोनं झालं. खेळातल्या २०४५ सालातलं इन्सुलिनचं शीतगोदाम, आत एफ्रीट, छताला दोन बंदुका. कार्डावर काम लिहिलं होतं: माल २ ते ८ अंशांत ठेवणे. चोर पकडणे दुसऱ्या क्रमांकावर. आत्येभाऊ तिसऱ्या मजल्यावर रेव्हन या ब्लॅक आइसशी झुंजत होता, बाहेर दोघं जखमी. वहिनी खऱ्या आयुष्यात फार्मसिस्ट आहे. ती एकदम म्हणाली, ‘मालाचं मुख्य दार उघडं ठेवा. उन्हाळा आहे, आतलं तापमान चढेल. बघू तो आधी काय वाचवतो!’ दार उघडलं. मी कार्डाकडे पाहिलं आणि किल्लेदाराच्या सगळ्या क्रिया शीतयंत्रांकडे वळवल्या. बंदुका दोन पाळ्या गप्प राहिल्या. तेवढ्यात सगळे आत. त्या क्षणी आकड्यांनी कोणीच जिंकलं नव्हतं. समोरच्या बुद्धीला काय हवंय, हे तिने ओळखलं होतं.

एक नियम आम्ही शॅडोरन या अशाच दुसऱ्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतून उचलला. तिथे बेकायदा क्रिया करत गेलं की हॅकरच्या नावावर गुणांचा आकडा वाढत जातो आणि तो ४० झाला की यंत्रणा हॅकरवर तुटून पडते. मूळ नियमात तो गुप्त असतो. आम्ही तो उघड ठेवतो, पाटीवर खडूने लिहून. आकडा चढताना दिसला की दाराशी उभा असलेलाही घाई करू लागतो.

मजल्यांची संख्या फाशांवर सोडू नका. नियमाप्रमाणे सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, म्हणजे चौदा-पंधरा मजलेही निघू शकतात, आणि तेवढ्यात रविवार संपतो. आम्ही सातवर थांबतो.

जमलेली कार्डं आता चकलीच्या जुन्या डब्यात आहेत. गेल्या आठवड्यात काकांनी एक कोरं कार्ड मागून नेलं. बँकेचा किल्लेदार ते स्वतः लिहिणार आहेत, आणि तो डाव चालवणारही तेच. तिसरी ओळ तेवढी बाकी आहे म्हणाले. त्या रविवारी डेक माझ्या हातात असेल, पहिल्यांदाच.