जुना लॅपटॉप सुधारावा की नवा घ्यावा: कोकण किनाऱ्यावरच्या छायाचित्रकारांसाठी एक तुलना

मे महिन्याअखेर लग्नांचा हंगाम आटोपतो, पाऊस सुरू होतो आणि किनाऱ्यावरच्या छायाचित्रकाराला वर्षाचा हिशेब मांडायला सवड मिळते. लॅपटॉप बदलण्याचा विषय बहुधा याच दिवसांत निघतो. आमच्या घरात तो या वर्षी दोनदा निघाला, एकदा माझ्यासाठी आणि एकदा धाकट्या चुलतभावासाठी. मी मालवणात राहतो आणि जत्रांतले दशावतार व रत्नागिरीकडच्या सड्यांवरची (जांभ्या दगडाच्या पठारांवरची) कातळशिल्पे टिपतो. भाऊ कुडाळ परिसरात लग्नांची कामे घेतो. दोघांचेही लॅपटॉप २०१८ च्या सुमाराचे होते: इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि साधी हार्ड डिस्क. कॅमेरेही दोघांचे ३३ मेगापिक्सेलचेच. असे असूनही नीट तपासणी केल्यावर मी नवा लॅपटॉप घ्यायचे ठरवले आणि भावाला मात्र घेऊ नकोस असे सांगितले. एकाच साहित्यावर दोन वेगळे निर्णय का झाले, हे सविस्तर लिहिले तर याच विचारात असलेल्या इतरांना त्याचा उपयोग होईल असे वाटते.

सर्वप्रथम आपले काम नेमके कुठे अडते हे पाहावे. दुकानात प्रोसेसरच्या नावाने चर्चा सुरू होते आणि तिथेच संपते, परंतु लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमधले प्रत्येक काम यंत्राच्या वेगवेगळ्या भागावर पडते. कार्डावरून फोटो उतरवणे आणि त्यांची निवड करणे यात साठवणुकीचा वेग आणि प्रोसेसर महत्त्वाचे असतात. तयार फोटो बाहेर काढताना (एक्स्पोर्ट करताना) प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही राबतात. फोटोशॉपमध्ये थर वाढू लागले की रॅम अपुरी पडते. आणि एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम क्लासिकमध्ये आलेली डीनॉइजची, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोवरचे रंगीत दाणे काढण्याची, सोय जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्सच्या बळावर चालते. भावाने आठवडाभर एका वहीत नोंद ठेवली. त्याचा बहुतेक वेळ निवड करताना पुढचा फोटो उमटण्याची वाट पाहण्यात आणि रात्री जेवायला बसण्यापूर्वी लावलेली फाइलींची रांग पूर्ण होण्यात जात होता. डीनॉइज त्याने आठवड्यात एकदाही वापरले नाही, कारण मंडपात फ्लॅश असतो.

माझे दुखणे वेगळे आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर दोन-चार दिव्यांच्या उजेडात नाटक रंगते आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ६४०० किंवा १२८०० वर नेल्याशिवाय हालचाल पकडता येत नाही. दशावतारातल्या संकासुर या पात्राचा काळा पोशाख मागच्या काळ्या रात्रीत मिसळतो. शंभर टक्के मोठे करून पाहिले की त्या काळ्या कापडावर लाल-हिरवे दाणे पसरलेले दिसतात, घडी दिसत नाही, बाहीची कडही दिसत नाही. डीनॉइजनंतर तीच बाही पुन्हा कापडाची होते. जुन्या लॅपटॉपवर अशा एका फ्रेमला पाच मिनिटांच्या आसपास वेळ लागत असे. एका रात्रीच्या निवडक ६० फ्रेम धरल्या तरी हे पाच तास होतात, आणि जत्रा तर कार्तिकापासून पुढे एकामागून एक येत राहतात. दुकानात याच फाइली नव्या यंत्रांवर चालवून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक फ्रेमचे काम अर्ध्या मिनिटाच्या आत झाले. पाच तासांचे काम अर्ध्या तासावर येत असेल तर तो खर्च मला चैनीचा वाटत नाही.

आता जुन्या यंत्राची बाजू पाहू, कारण ती समजली जाते तितकी दुबळी नाही. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइटच्या आसपास वाचते, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) सुमारे ५५० आणि एनव्हीएमई या नव्या जोडणीची ३००० च्या पुढे जाते. म्हणून निवड करताना येणारा अडथळा केवळ डिस्क बदलल्याने बहुतांशी दूर होतो. रॅमचा हिशेब कागदावरही करता येतो. ३३ मेगापिक्सेलची प्रतिमा १६ बिटमध्ये उघडली की तिचा एक पूर्ण थर सुमारे २०० मेगाबाइट जागा घेतो, आणि दहा थरांची एक फाइल २ जीबीच्या घरात जाते. विंडोज, लाइटरूम आणि ब्राउझर यांनी आधीच व्यापलेल्या ८ जीबीमध्ये ती कशीबशीच मावते. १६ जीबी हे आज किमान धरावे आणि ३२ जीबी असल्यास निश्चिंत राहावे. भावाच्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन जागा आणि एनव्हीएमईची एक जागा होती, त्यामुळे ३२ जीबी रॅम, १ टीबीची एसएसडी, नवी बॅटरी आणि पंख्याची साफसफाई हे सर्व मिळूनही खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा हिस्साच ठरला. त्याचे काम आता जिथे अडते, तिथे मला नव्या यंत्राची गरज दिसत नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट लक्षात ठेवावी. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलचे सातव्या पिढीचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडल्यास, विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र नाहीत. तुमचा लॅपटॉप सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचा असेल तर त्यावर पैसे घालू नयेत.

पडद्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण गिऱ्हाईक आपल्याला रंगांसाठी पैसे देते आणि आपण मात्र यंत्र घेताना पडद्याचा विचार सर्वांत शेवटी करतो. स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे, पडदा किती रंग दाखवतो याचे माप, लिहिलेले आढळते. असा पडदा एसआरजीबी या सर्वसाधारण वापरातल्या रंगक्षेत्राचे सगळे रंगही दाखवू शकत नाही. परिणामी नवरीची पिवळी अष्टपुत्री पडद्यावर फिकट दिसते, म्हणून आपण पिवळा रंग वाढवतो, आणि अल्बम छापून आला की तीच साडी झेंडूसारखी भडक दिसते आणि हळद लागलेल्या चेहऱ्यावर नारिंगी छटा येते. जांभ्या दगडाच्या बाबतीतही हेच घडते. पावसानंतर ओल्या सड्यावरचा लाल-तपकिरी रंग आणि कोरलेल्या रेषेतली गडद छटा यांत फारच थोडा फरक असतो. पडदा तो दाखवत नसेल तर संपादन म्हणजे अंदाज बांधणे होते. उजेडाचाही मुद्दा आहे. लॅपटॉप पूर्ण प्रखरतेवर ठेवून काम केले तर छापील फोटो हमखास काळपट येतात. छपाईसाठी प्रखरता चौरस मीटरला ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान ठेवण्याची पद्धत आहे. पूर्ण एसआरजीबी दाखवणारा बाहेरचा मॉनिटर आणि रंग जुळवण्याचे कॅलिब्रेटर यंत्र ही जोडी जुन्या लॅपटॉपलाही लावता येते, आणि भावासाठी मी तीच सुचवली. नव्या उंची लॅपटॉपांत हा प्रश्न मुळातच कमी आहे. मॅकबुक प्रोचा पडदा एसआरजीबीहून मोठे पी३ रंगक्षेत्र दाखवतो आणि तो डब्यातून काढतानाच बऱ्यापैकी जुळलेला असतो. विंडोजमध्ये मात्र एकाच नावाच्या लॅपटॉपला दोन-तीन प्रकारचे पडदे येतात, त्यामुळे नेमका मॉडेल क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ओलेड पडद्यावरचा काळा रंग अतिशय सुंदर दिसतो, पण दिवसाच्या वेळी पडवीत बसून काम करणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा आणि मागचा माडच जास्त दिसतो.

नवाच घ्यायचा ठरला तर विंडोज आणि मॅक यांतून निवड करावी लागते. केवळ रुपयामागे मिळणाऱ्या वेगाने पाहिले तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेचे कार्ड असलेला विंडोज लॅपटॉप पुढे आहे. डीनॉइजसारख्या कामात तो त्याहून बऱ्याच महाग मॅकच्या बरोबरीने चालतो, अनेक मॉडेलांत रॅम आणि डिस्क नंतर वाढवता येते, आणि अल्बमच्या शीट रचण्यासाठी आपल्याकडे वापरली जाणारी काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. मॅकमध्ये रॅम आणि साठवणूक घेतानाच ठरवावी लागते, ती पुढे वाढत नाही. शिवाय विंडोजसाठी तयार केलेल्या एनटीएफएस प्रकारच्या जुन्या बाहेरच्या डिस्क मॅक फक्त वाचतो, त्यांवर लिहीत नाही, हे अनेकांना खरेदीनंतर कळते.

असे असूनही मी मॅककडे झुकलो, आणि त्याचे कारण वीज हे आहे. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात वीज जाणे ही नित्याची बाब आहे. वारा सुटला, झाड पडले की गाव अंधारात जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आणि मे २०२१ मधल्या तौक्तेनंतर किनाऱ्यावरच्या अनेक गावांनी कित्येक दिवस विजेविना काढले. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप भिंतीतली वीज तुटताच आपला वेग बराच कमी करतो, आणि ज्या वेगासाठी आपण पैसे मोजले तो नेमका गरजेच्या वेळी मिळत नाही. अॅपलच्या एम मालिकेच्या चिपा बॅटरीवरही जवळजवळ त्याच वेगाने चालतात. घरातल्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर ती कागदावर १८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात सुमारे १२०० धरावेत. पूर्ण भाराखाली १८० वॉट खाणारा लॅपटॉप एकटाच ती सहा-सात तासांत संपवतो; ५० वॉटमध्ये काम करणारा दिवसभर चालतो आणि घरातले दिवे-पंखेही चालू राहतात. शहरातल्या तुलनांमध्ये हा मुद्दा क्वचितच येतो. इथे मात्र मी तो वेगाच्या आधी मोजतो.

खाऱ्या हवेचा अनुभव मला महागात पडला आहे. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात माझ्या तेव्हाच्या लॅपटॉपने चार्जिंग घेणे बंद केले. सेवा केंद्रात तो उघडला, तर चार्जिंगच्या जोडणीभोवती हिरवट-पांढरी पूड जमलेली होती. त्यावर पाण्याचा थेंबही कधी सांडला नव्हता, तरी ‘द्रवामुळे झालेले नुकसान’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारण्यात आली आणि मदरबोर्डचा पूर्ण खर्च मला करावा लागला. त्यानंतर मी काही नियम पाळतो: लॅपटॉप समुद्राकडच्या खिडकीजवळ ठेवत नाही, पावसाळ्यात तो रोज निदान तासभर चालू ठेवतो म्हणजे आतली ऊब ओल साचू देत नाही, आणि काम झाल्यावर तो सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात जातो. मोठे पंखे असलेले यंत्र भरपूर हवा आत ओढते आणि त्या हवेबरोबर मीठही आत जाते, हेही तुलनेत धरावे. दुरुस्तीसाठी आम्हाला जिल्ह्याबाहेर जावे लागते; म्हणून घरी येऊन दुरुस्ती देणारी आणि अपघाती नुकसान भरून देणारी वाढीव योजना आपल्या पिनकोडवर खरोखर लागू आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

पैशांकडे वळू. एम४ प्रो चिपचा १४ इंची मॅकबुक प्रो २०२४ मध्ये भारतात १,९९,९०० रुपयांपासून विक्रीस आला. या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे सुमारे ३०,५०० रुपये. नियमित पद्धतीने नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला ते इनपुट क्रेडिट म्हणून वळते करता येतात, कंपोझिशन योजनेतल्याला येत नाहीत. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण यंत्र आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असेल तर त्या वर्षी निम्माच. त्यामुळे दिवाळीच्या सवलतीची वाट पाहण्यापेक्षा सप्टेंबरअखेर केलेली खरेदी काही वेळा अधिक फायद्याची ठरते. अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने कर भरणाऱ्याला हा घसारा वेगळा मिळत नाही. आपल्या हिशेबनिसाला एकदा विचारावे.

आणखी एक पर्याय आहे. संपादन घरीच होत असेल आणि लॅपटॉप केवळ गिऱ्हाइकाच्या ओटीवर बसून फोटो निवडायला लागत असेल, तर जुना लॅपटॉप त्या कामाला ठेवून घरी मॅक मिनीसारखा छोटा संगणक आणि चांगला मॉनिटर घेता येतो. एम४ चिपचा, १६ जीबी रॅमचा मॅक मिनी २०२४ मध्ये ५९,९०० रुपयांपासून मिळू लागला. त्याला स्वतःची बॅटरी नसते, म्हणून त्याच्यासोबत यूपीएस घ्यावाच लागतो. मी हा मार्ग सोडला तो जत्रांमुळे, कारण मला रात्रीचे फोटो बहुतेकदा दुसऱ्या गावात, पाहुण्यांच्या घरीच उघडावे लागतात.

दुकानात जाताना आपल्याच वीस रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न झालेल्या) फाइली एका कार्डावर घेऊन जाव्यात आणि चालू असलेल्या यंत्रावर त्या उघडून, डीनॉइज करून, बाहेर काढून पाहाव्यात; मग चार्जरची वायर काढून तेच काम पुन्हा करावे आणि दोन्ही वेळा लिहून घ्याव्यात. कोणतीही जाहिरात हे दोन आकडे देणार नाही. भावाने आपल्या सुधारलेल्या लॅपटॉपवर एका लग्नाच्या ९०० फोटोंची निवड न अडता एका बैठकीत पूर्ण केली आहे. त्याचा मॉनिटर पुढच्या आठवड्यात येईल आणि तुळशीची लग्ने लागून हंगाम उघडण्यापूर्वी आम्ही दोघे बसून त्याचे रंग जुळवणार आहोत. पहिली चाचणी त्या पिवळ्या अष्टपुत्रीच्याच फोटोची असेल, छापील अल्बम शेजारी ठेवून.