रुग्णालय बांधताना: पुढे काच की मध्ये चौक?

गेल्या वर्षभरात दोन-तीन तरुण डॉक्टर नकाशाची गुंडाळी घेऊन माझ्याकडे येऊन गेले. पंधरा-वीस खाटांचं रुग्णालय, गावातला प्लॉट, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: उजेड-हिरवाई हवी, तर रस्त्याच्या बाजूला भरपूर काच घ्यावी की मधोमध चौक सोडावा? मी प्रसूतिगृह दोन्हीकडे चालवलंय. आधी अकरा वर्षं काचेच्या भाड्याच्या इमारतीत, आता सात वर्षं चौकाच्या, स्वतःच्या. तेव्हा मी तटस्थ नाही, हे धरूनच वाचा.

काचेचा मोठा फायदा म्हणजे जागा वाया जात नाही. चौकात दोन-तीन खोल्या तरी जातात आणि कर्जाचा हप्ता भरताना त्या आठवतात. शिवाय आर्किटेक्ट मंडळी रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास पुढे करतात. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले. ज्यांच्यासमोर विटांची भिंत होती, त्यांना ८.७० दिवस लागले. एक झाडांसमोरचा आणि त्याच्यासारखाच एक भिंतीसमोरचा, अशा रुग्णांच्या जोड्या अवघ्या २३, पण अभ्यास चांगला. फक्त आपल्या प्लॉटवर खिडकी उघडली की समोर काय दिसतं, ते एकदा गच्चीवर जाऊन बघा. माझ्याकडे शेजाऱ्यांचे संडासाचे पाइप दिसायचे.

पण माझं मत फिरलं ते पडद्यापायी.

वॉर्ड पश्चिमेला होता. दुपारी दोनला ऊन थेट खाटेवर यायचं, मग सोबतची बाई उठून पडदा ओढायची. त्यात रस्ता समोर. बाळाला पाजायला घ्यायचं म्हटलं की पडदा बंदच हवा. संध्याकाळी ऊन उतरलं तरी तो कुणी उघडत नसे. सकाळच्या राउंडला मी सरकवायचो, दुपारच्या राउंडला पुन्हा बंद. मावशींना सांगून पाहिलं, पाटी लावून पाहिली. शेवटी अशी गत झाली की लाखांची काच, तिच्यावर धूळ खाल्लेला पडदा आणि आत भर दुपारी ट्यूबलाइट. वीज गेली की काच उघडता येत नाही म्हणून घुसमट, ती वेगळीच. अकरा वर्षं मी उजेडाचं भाडं भरलं आणि राहिलो अंधारात.

चौकात उजेड वरून येतो, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून मऊ होतो. रस्ता नाही, त्यामुळे पडदे लागतात ते फक्त तपासणीपुरते. मधोमध देवचाफा आहे. थंडीत तो पानं गाळतो, तेव्हा ऊन आत येतं. उन्हाळ्यात सावली धरतो. कोवळ्या उन्हात आज्या नातवंडांना घेऊन ओट्यावर बसतात. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात एक सिस्टर बाळांना अशाच उन्हात अंगणात नेत असत. उन्हात राहिलेल्या त्वचेचा पिवळेपणा उतरतो हे तिथेच लक्षात आलं आणि पुढे काविळीची प्रकाशचिकित्सा आली. (आज्यांना मी तरीही सांगतो, बाळ पिवळं दिसलं तर आधी मला दाखवा. काविळीच्या उपचाराचे दिवे वेगळे असतात.)

चौकाची दुखणीही आहेत. पारवे हे पहिलं. त्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचे आजार होतात, त्यामुळे वर जाळी लावायचीच, आणि ती स्लॅब पडतानाच. मी उशीर केला. पावसात पागोळ्यांचं पाणी व्हरांड्यात उडतं. नातेवाईक कठड्यावर कपडे वाळत घालतात. आणि चौक अरुंद, मजले तीन, असा नकाशा असेल तर तळमजल्याला विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटेल. तुमचा प्लॉट तेवढाच असेल, तर कदाचित काचच बरी. पण ती उत्तरेला घ्या, उघडणारी घ्या आणि तिच्यावर सज्जा काढा.

ऑपरेशन थिएटर मात्र बंदच ठेवावं लागतं, आणि मातीच्या कुंड्या वॉर्डात नकोत, कारण मातीत बुरशी असते. चाफा खालीच बरा. माझ्या एका सिस्टरला तो नको होता, फुलं वेचायला बायका टाके विसरून वाकतात म्हणून. आता सकाळी ती स्वतःच वेचून प्रत्येक खाटेपाशी एक ठेवते.