टीएलडी गोळी, १४ महिने वापरून: गोळी फुकट, तारीख महाग

टीएलडी म्हणजे एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी. तिचं आधी सांगून टाकतो म्हणजे तो विषय मिटला. रोज एक, जेवणाआधी का नंतर ही भानगड नाही. पहिले आठ-दहा दिवस झोपेचं खोबरं झालं, नंतर काही नाही. वजन तेवढं ७ किलोनं वाढलं, सगळ्या पॅंट उसवून सैल केल्या, स्वतः शिंपी आहे म्हणून ते फुकटात झालं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीचे हे उपचार, २००४ पासून सरकार फुकट देतंय आणि आमच्याकडनंही गोळीचा रुपया कुणी मागितला नाही, खोटं कशाला बोलू.

माझं डोकं फिरलं ते दर महिन्याला गोळ्या आणायला जायच्या तारखेवरनं.

आम्ही नवरा-बायको दोघंही गोळीवर. राहायला मोहोळ तालुक्यात, एआरटी सेंटर सोलापूरला. माझी तारीख ६, तिची १९. ती एकटी जात नाही, म्हणजे १९ ला पण मीच सोबत. एका फेरीला माझं एसटी, रिक्षा, चहा धरून २४०, तिचं १६० (बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच आधार). वर माझे दोन खाडे, म्हणजे युनिफॉर्मच्या पीसवर हजार गेले, तिची खुरपणीची ३०० ची हजेरी गेली. महिन्याला १,९४० झाले की ओ! मी वहीत लिहून ठेवतो, नऊ महिन्यांचे १७,४६०. त्यात एकदा सोनोग्राफी बाहेरून करून आणा म्हणाले त्याचे १,२०० वेगळे, आणि झेरॉक्सचं तर लिहायचंच सोडून दिलं.

कुणी म्हणेल जवळच्या सेंटरला नाव का नाही टाकलं. तिथं मालकिणीच्या माहेरकडचा एक माणूस कामाला आहे, बस, विषय संपला. हा खर्च सरकारच्या नावावर टाकता येत नाही, पण खिशातनं तर जातोच ना. एसटीत आपल्यासारख्यांना सवलत आहे, पण त्यासाठी कंडक्टरला कागद दाखवायचा, आणि सकाळच्या गाडीचा कंडक्टर आमच्याच गल्लीतला. मी आपलं गुमान पूर्ण तिकीट काढतो. संजय गांधी निराधारचं पण बघितलं, उत्पन्नाची अट वर्षाला २१,०००, दाखल्यासाठी तहसीलला दोन हेलपाटे घातले आणि सोडून दिलं.

इथपर्यंत मी एकच स्टार देणार होतो.

दहाव्या महिन्यात १९ ला गेलो तर काउन्सेलर मॅडम नवीन. मशीनवरचं काम अर्धं टाकून आलेलो, रांगेत दोन तास गेलेले, त्यामुळे मी जरा चढ्या आवाजातच बोललो. त्यांनी दोघांची कार्डं शेजारी-शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "अहो दादा, एकाच घरातले ना तुम्ही? मग तारखा वेगळ्या कशाला?" पेन घेतलं, माझी ६ खोडली, १९ केली. अर्धा मिनिट पण लागला नाही. वर दोघांचे व्हायरल लोडचे (रक्तात विषाणू किती आहे त्याचे) रिपोर्ट चांगले आलेत म्हणून तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. बाहेर येऊन मालकीण हसायला लागली आणि मी १७,४६० चा हिशोब करत बसलो. नऊ महिने हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही, हे पण तेवढंच खरं.

आता तीन महिन्याला १,२०० लागतात, आधी ५,८२० लागायचे. म्हणून स्टार वाढवून चार.

पाचवा देत नाही, कारण डब्या. सहा डब्या पिशवीत घेऊन एसटीत बसलं की खडखड वाजतात, बाया वळून बघतात. मी एकदा सगळ्या गोळ्या २० रुपयाच्या साध्या डब्यात काढल्या तर मॅडम ओरडल्या, ओल लागते, मूळ डबीतच ठेवा, आणि येताना उरलेल्या मोजायला डबी आणायची. आता लेबल खरवडून काढतो आणि डब्यांना अस्तराच्या चिंध्या गुंडाळतो, चिंध्या आमच्याकडं पोत्यानं आहेत.

पुढची तारीख १९ जून आलीय. शाळा उघडायचे दिवस, तेव्हा रोजचा धंदा हजाराच्या वर जातो. चार दिवस आधी येऊ का म्हणून या वेळी आधीच फोन करून विचारणार आहे.