मुलाला स्काऊटमध्ये घालून आठ महिने झाले, आणि तिसरा वॉगल तुटला

परवाच्या रविवारी 22 फेब्रुवारीला सकाळी पावणेसातला मी गेटात स्कूटी चालू करून उभी आणि आमचं पोरगं पायरीवर बसून रडायलंय, कारण वॉगल, म्हणजे स्काऊटच्या स्कार्फचं कडं, तुटला. तिसरा. आठ महिन्यांतला तिसरा. त्यात तो दिवस चिंतन दिनाचा, म्हणजे स्काऊट चळवळ सुरू करणारे बेडन पॉवेल आणि त्यांच्या पत्नी दोघांचाही वाढदिवस, पथकाचा मोठा कार्यक्रम, आणि याच्या हातात प्लास्टिकचे दोन तुकडे. त्या दिवशीच ठरवलं की आता लिहायचंच, कारण पोरांना स्काऊटमध्ये घालावं का असं मला कितीतरी आयांनी विचारलंय आणि मी दरवेळी वेगळंच उत्तर दिलंय.

स्काऊट म्हणजे काय ते सांगत बसत नाही, शाळेत सगळ्यांनीच बघितलेलं असतं. दहाच्या आतली पोरं कब, पोरी बुलबुल, त्यापुढं स्काऊट आणि गाईड. आमचा पाचवीत, दहा पूर्ण झालेली, म्हणजे स्काऊट. अडचण अशी झाली की त्याच्या शाळेत पथकच नाही. जूनमध्ये विचारलं तर म्हणे आमच्याकडं ते नसतं, कराटे आहे. मला माहीतच नव्हतं की शाळेच्या बाहेरची खुली पथकं पण असतात आणि दुसऱ्या शाळेचं पोरगं पण तिथं जाऊ शकतं. हे कळलं आमच्या गल्लीतल्या नववीतल्या पोराकडनं, तो तिथं संघनायक, म्हणजे पथकातल्या एका गटाचा म्होरक्या आहे. तुम्हाला असं कुणी ओळखीचं नसेल तर सरळ स्काऊट गाईडच्या जिल्हा कार्यालयात जाऊन जिल्हा संघटकांना विचारा, शाळेच्या ऑफिसात विचारून वेळ घालवू नका, मी घालवला.

फॉर्म सोपा आहे. जन्मतारखेचा दाखला, फोटो, रक्तगट, पालकांची सही, वर्षाची नोंदणी फी अगदी किरकोळ. खर्च आहे तो गणवेशाचा. मी वहीत लिहून ठेवते म्हणून आकडे देते: राखाडी शर्ट आणि नेव्ही ब्लू पँटचं कापड शिलाईसकट 1150, स्कार्फ 90, बेल्ट 180, टोपी 120, शिट्टी दोरीसकट 70, आणि वॉगल 30 रुपयांचा एक, असे तीन म्हणजे 90. झाले 1700. बूट शाळेचेच चालले.

आता वॉगल. माहीत नसेल त्यांच्यासाठी, गळ्यातल्या स्कार्फची दोन टोकं ज्या कड्यातनं ओवतात ते कडं. आमच्या इथल्या दुकानात मिळतो तो पातळ प्लास्टिकचा, वर छाप मारलेला. पहिला सप्टेंबरमध्ये गेला, नुसता वर सरकवताना तडकला. मी पावती घेऊन दुकानात गेले तर म्हणाले ताई फुटकळ वस्तू बदलून मिळत नाही. मी म्हणलं फुटकळ कशी, तुम्हीच म्हणालात याच्याशिवाय गणवेश पूर्ण होत नाही. वीस मिनिटं उभी होते, मागं गिऱ्हाईक थांबलेलं, शेवटी नवीन विकतच घेतला आणि घरी आल्यावर रात्री जेवण गेलं नाही. तीस रुपयांसाठी नाही ओ. स्काऊटच्या नऊ नियमांतला आठवा नियम आहे की स्काऊट काटकसरी असतो, पोरगं ते पाठ करून मला म्हणून दाखवायलंय आणि त्याच पोराच्या गळ्यात तीन महिने न टिकणारी वस्तू घालायची, हे मला पटत नाही, अजून पटत नाही.

आणि गणवेशावरनंच दीक्षा लांबली, म्हणजे प्रतिज्ञा घेऊन पोरगं पक्कं स्काऊट होतं तो विधी. सरांचं म्हणणं गणवेश पूर्ण असल्याशिवाय दीक्षा विधी नाही, बाकीचं याचं सगळं झालेलं, नियम, प्रतिज्ञा, तीन बोटांचा सॅल्यूट, डाव्या हाताचं हस्तांदोलन, रोजच्या सत्कृत्याची वही. आधी ठरलेलं 15 ऑगस्टला, तेव्हा शर्ट शिवून आला नाही, मग ऑक्टोबरमध्ये टोपी मिळेना, करत करत 7 नोव्हेंबरला झाला, भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा तो स्थापना दिवस, 1950 चा. सोहळा छान झाला पण घरी येताना स्कूटीवर दुसरा वॉगल कुठंतरी निखळून पडला. त्या महिन्यात मला कुणी विचारलं असतं तर मी स्पष्ट सांगितलं असतं की सगळा गणवेश हातात येईपर्यंत पोराला पाठवूच नका, नुसता जीव खालवर होतो.

आता माझं मत बदललंय. का ते सांगते.

एक तर ती सत्कृत्याची वही. मी उघडून बघितली, बघायची नव्हती खरं. एका पानावर लिहिलेलं, आजीच्या सुईत दोरा ओवून दिला. दुसऱ्यावर, नळाला पाणी आलं तेव्हा शेजारच्या आजीच्या दोन घागरी भरून दिल्या आणि पाइप बंद केला. लातूरकरांना नळाला पाणी येणं काय असतं हे सांगायला नको, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा हे पोरगं एक वर्षाचं होतं, त्याला काही आठवत नाही, पण पाइप बंद केला हे त्यानं आपणहून लिहिलं होतं.

दुसरं म्हणजे गाठी. माझे सासरे, आबा, सगळी हयात औसा तालुक्यात बैलं राखलेला माणूस, आता गुडघ्यामुळं शहरात आणलंय तर दिवसभर गप्प बसून असायचे. एक दिवस हा ओसरीवर दोरी घेऊन क्लोव्ह हिच मारायलाय, काठीला दोन वेढे घालून. आबा म्हणाले, काय करायलास रे, ही तर दाव्याची गाठ, खुंट्याला मारतो ती. पोरगं म्हणतंय आबा हिला क्लोव्ह हिच म्हणतात, आबा म्हणतेत म्हणू दे की. मग बोलाइन आली, फासा होतो पण ओढला तरी आवळत नाही ती. आबांनी काठी आपटून सांगितलं की वासराच्या गळ्यात सुरगाठ कधी मारायची नाही, ओढलं की आवळती आणि वासरू जातं, हीच मारायची. त्या दिवसापासनं रोज संध्याकाळी दोघं दोरी घेऊन बसतेत. रीफ नॉट मात्र आबांनी पोराकडनं शिकली, डावं टोक उजव्यावर आणि मग उजवं डाव्यावर, दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली की गाठ सरकते, आणि बरोबर बसली की चपटी राहते म्हणून पट्टी बांधायला हीच, रुतत नाही आणि सुटायला सोपी. जाड आणि बारीक दोरी जोडायची तर ही नाही, तिथं शीट बेंड. हे मला पण आता पाठ झालंय.

तर परवाचा दिवस. तुटका वॉगल घेऊन तसेच गेलो, मी सरांशी बोलायचंच म्हणून तयारीनं गेलेले, की दरवेळी लेकराला रडवणारी वस्तू तुम्ही चालवून का घेता. सर बोलायच्या आधी तो संघनायक पोरगा पुढं आला, म्हणाला काकू द्या इकडं, आणि खिशातली पांढरी दोरी काढून आपल्याच तीन बोटांना गुंडाळायला लागला. एक वेढा, त्यावर तिरपा दुसरा, मग एक पदर उचलून दुसऱ्याखालनं टोक काढलं, हात फिरवला, परत तसंच. मी बघत होते आणि एकदम लक्षात आलं की ही तर तीन पेडाची वेणी आहे, फक्त सरळ न जाता गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळायलीय. वीस वर्ष वेण्या घातल्यात मी, आधी स्वतःची, मग पोरीची. त्यानं त्याच वाटेनं अजून दोनदा दोरी फिरवली, ओढून घट्ट केली, झालं कडं. टर्क्स हेड म्हणतात त्याला. त्याचं स्वतःचं पण तसलंच होतं, दोन वर्षांपासनं, मी आठ महिन्यांत एकदा पण नीट बघितलं नव्हतं.

सर म्हणाले कड्याचं काम स्कार्फ पटकन मोकळा करणं, कारण तो तिकोनी रुमाल म्हणजेच झोळी, म्हणजेच डोक्याची पट्टी, म्हणून गळ्यात गाठ मारून ठेवत नाहीत. हे जूनमध्येच पालकांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते मी त्यांना म्हणलं पण. त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या वर्षी नवीन पोरांना पहिल्याच महिन्यात कडं विणायला शिकवतो म्हणाले.

मग प्रात्यक्षिक. सहा पोरांचा संघ, दोन काठ्या, तिघांनी अंगातले शर्ट काढले, बनियनवर उभी. बाह्या आत उलटवल्या, बटणं लावली, काठ्या बाह्यांतनं ओवल्या, आणि स्ट्रेचर तयार. आमच्या पोराला जखमी केलेलं, उजव्या पायाला दोन फळ्या आणि स्कार्फ बांधलेले. चौघांनी एकदम उचललं, पाचवा पायाशी हात धरून, संघनायक तोंडानं मोजायलाय, आणि पार ग्राउंडच्या टोकापर्यंत नेलं, मधे जराही झोळ पडला नाही.

मला तिथं उभं राहवलं नाही. 30 सप्टेंबर 1993 ला मी नऊ वर्षांची होते, आमचं गाव किल्लारीपासनं लांब नाही. आदल्या रात्री गणपती बुडवून आलेलो आणि पहाटे चारच्या आत जमीन हलली. माझ्या आत्याचा पाय भिंतीखाली सापडला. तिला बाजेवर घालून चौघं रस्त्याकडं निघाले, बाजेचा सुंभ जुना, मधनं तुटायला लागला, दोनदा तिला खाली ठेवावं लागलं आणि दोन्ही वेळा ती ज्या आवाजात ओरडली तो मला अजून ऐकू येतो. पाय कशाला तरी बांधून सरळ ठेवायचा असतो हे त्या चौघांत एकाला पण माहीत नव्हतं. आत्या वाचली, पाय वाकडाच राहिला. परवा माझ्या पोराचा पाय दहा-बारा वर्षांच्या लेकरांनी वर खाली दोन ठिकाणी बांधला होता, गाठ जखमेवर न येऊ देता बाजूला घेऊन.

तर घालावं का? घाला. गणवेशाची वाट बघू नका, आधी पोरगं पाठवा, दीक्षा लांबली तर लांबू द्या. रविवारचे दोन तास जातात, माझे येऊन जाऊन बारा किलोमीटर होतात, वेळ कधी कधी आदल्या रात्री बदलतात आणि ग्रुपवर उशिरा कळवतात, ते सुधारायला पाहिजे. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार यांच्यासाठीच घालायचं असेल तर आधी प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान चढावे लागतात, काही वर्ष लागतात, एका वर्षात सर्टिफिकेट हातात पडत नाही.

आणि प्लास्टिकचा वॉगल घेऊ नका. साध्या नायलॉन दोरीच्या दुकानातनं चार मिलिमीटरची गोल विणीची दोरी घ्या, सव्वा मीटर पुरते, मला बारा रुपयांत मिळाली. कापलेली टोकं मेणबत्तीवर जाळून घ्या नाहीतर उसवतात. पोराच्या बोटांवर नाही बसत पहिल्यांदा, बाटलीच्या तोंडावर गुंडाळून करा. आमच्यानं पाच वेळा चुकला, सहावा आबांनी धरून दिला आणि बसला. धाकटी जूनमध्ये बुलबुलला जायची म्हणून बसलीय, तिच्यासाठीची दोरी पण आणून ठेवलीय, वेणी तिला आधीच येते.