वॉटर कूलिंगच्या पंपाची घरघर: रबर बुश, स्पंज, इलॅस्टिक की कडप्पा?

संगणकाला घरी जोडलेल्या वॉटर कूलिंगमध्ये (आतले भाग पाणी फिरवून थंड ठेवण्याच्या रचनेत) पाणी निववणाऱ्या रेडिएटरवरचे पंखे मंद चालू लागले की तोवर त्यांच्या आवाजाखाली झाकलेला पंप ऐकू येऊ लागतो. त्यातला बराचसा आवाज पंपाचा नसून तो ज्यावर बसवला आहे त्या पत्र्याचा असतो, कारण मुठीएवढी मोटर स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही, कॅबिनेटचा रुंद आणि पातळ पत्रा मात्र ते काम सहज करतो. म्हणून खरेदीपूर्वी एक चाचणी अवश्य करावी. संगणक बंद करून पंपाचे स्क्रू काढावेत, ट्यूबवर ताण येऊ न देता पंप हातात धरावा आणि संगणक पुन्हा चालू करावा. घरघर नाहीशी झाली, तर पुढील पर्यायांचा विचार करण्यात अर्थ आहे. ती तशीच राहिली, तर दोष बेअरिंगमध्ये, गतीत किंवा आत अडकलेल्या हवेत आहे, आणि तिथे कितीही रबर लावून उपयोग होणार नाही.

निवड पंपावरही अवलंबून आहे. हौशी मंडळींकडे बहुधा लेंग या कंपनीच्या मूळ रचनेचे डी५ किंवा डीडीसी हे पंप असतात, मग वरचे आवरण कोणत्याही ब्रँडचे असो. डी५ मिनिटाला साधारण १८०० ते ४८०० फेरे घेतो, त्याचा आवाज खर्जातला असतो आणि मोटरची बरीचशी उष्णता पाण्यातच जाते. डीडीसी आकाराने लहान आणि दाबाला सरस असला, तरी त्याचा आवाज चढ्या पट्टीतला असतो, आणि त्याच्या तळाशी असलेले इलेक्ट्रॉनिक्स चांगलेच तापते. त्यामुळे डीडीसी थेट स्पंजवर ठेवणे म्हणजे त्याला गोधडीत गुंडाळणे होय. त्याच्या तळाला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) तरी हवा, नाहीतर खाली हवा खेळती राहील एवढी मोकळी जागा तरी हवी.

दोन्ही टोकांना आटे असलेले रबर बुश हा सर्वांत रूढ पर्याय आहे. ते स्वस्त असतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत शोधल्यास मिळू शकतात, आणि कॅबिनेट हलवताना पंप जागचा हलत नाही. त्यांची उणीव मात्र सहसा कोणी सांगत नाही. रबर कंपने तेव्हाच अडवते, जेव्हा वरच्या वजनाने ते पुरेसे दबलेले असते. आधार १ मिलिमीटर दबला तर वरच्या वस्तूची नैसर्गिक वारंवारता (ती आपसूक ज्या वेगाने थरथरते तो वेग) सुमारे १६ हर्ट्झ असते; तो ०.१ मिलिमीटरच दबला तर ती ५० हर्ट्झच्या आसपास जाते. पाऊण किलोच्या आतबाहेरचा पंप चार बुशांवर विभागला की प्रत्येकाच्या वाट्याला दोनशे ग्रॅमही येत नाहीत, आणि जड यंत्रांसाठी केलेले टणक रबर तेवढ्या भाराने दबल्यासारखे होतच नाही. आता मिनिटाला ३००० फेरे म्हणजे नेमके ५० हर्ट्झ. आवाज कमी व्हावा म्हणून आपण पंपाची गती पूर्ण ४८०० वरून ३००० वर आणतो आणि पत्रा उलट अधिकच थरथरू लागतो, तो याच अनुनादामुळे, म्हणजे मोटरची आणि आधाराची वारंवारता जुळल्यामुळे. बुश घ्यायचेच असतील तर चिमटीत धरून सहज वाकतील इतके मऊ घ्यावेत. दुकानदार दाखवतो ते ‘मजबूत’ बुश इथे कामाचे नाहीत.

नुसता स्पंज किंवा जुना माउसपॅड घालून त्यावर पंप ठेवणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे, आणि डी५ साठी सुरुवात म्हणून तो वाईट नाही. तथापि संपूर्ण तळाखाली सलग तुकडा घातला की भार पसरतो आणि स्पंज पुरेसा दबत नाही. त्याऐवजी चार कोपऱ्यांना चार लहान तुकडे ठेवल्यास तोच स्पंज कितीतरी चांगले काम देतो. उलट तो पूर्ण चेपला गेला, तर नसल्यासारखाच. शिवाय स्पंज कालांतराने बसतो, विशेषतः उन्हाळ्यात गरम होणाऱ्या कॅबिनेटमध्ये, त्यामुळे तो अधूनमधून बदलावा लागतो.

माझा स्पष्ट कल या स्पंजावर वजन वाढवण्याकडे आहे. ओट्याच्या कामातून उरलेला १५ बाय १२ सेंटिमीटरचा, २ सेंटिमीटर जाडीचा कडप्प्याचा तुकडा जवळपास एक किलो भरतो. पंपाचा ब्रॅकेट त्यावर सिलिकॉनने चिकटवावा (कडेजवळ ड्रिल चालवल्यास दगड तडकण्याची भीती असते) आणि कडप्प्याखाली मऊ स्पंजाचे चार तुकडे ठेवावेत. याचा लाभ दुहेरी आहे: त्याच मोटरने अधिक जड वस्तू हलवायची असल्याने मूळ थरथर कमी होते, आणि वाढलेल्या भाराने स्पंज १ मिलिमीटर किंवा अधिक दबल्यामुळे ३००० फेऱ्यांना गणिताने जेमतेम एक नवमांश कंपन खाली पोहोचते. यासाठी तळाशी जागा लागते, आणि संगणक वरचेवर इकडून तिकडे न्यायचा असेल तर हा पर्याय सोडून द्यावा. सुटा दगड काचेच्या दाराशेजारी असू नये.

नाडीच्या इलॅस्टिकने पंप टांगणे हा ऐकायला सर्वांत शांत मार्ग आहे, परंतु इलॅस्टिक हळूहळू सैल पडते, पंप खाली उतरतो आणि शेवटी ट्यूबच त्याचे वजन पेलू लागतात. बंद खोलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तो अवश्य करावा. इतरांना एवढ्या देखभालीची गरज नाही. पंख्याच्या चार भोकांवर बसणारे तयार ब्रॅकेट दिसायला नीटनेटके असतात, पण त्यांच्यामुळे पंपाची थरथर रेडिएटरला मिळते आणि रेडिएटर पत्र्यालाच जोडलेला असतो.

हे सारे सॉफ्ट ट्यूबला लागू आहे. ॲक्रिलिकची किंवा पीईटीजीची हार्ड ट्यूब असेल, तर पंपाखाली काहीही घातले तरी कंपने ट्यूबवाटे ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) आणि रेडिएटरपर्यंत जातातच. शिवाय मऊ आधारावर हलणारा पंप फिटिंगमधल्या ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याला) सतत ओढत राहतो. अशा लूपमध्ये (पाणी फिरण्याच्या बंद मार्गात) पंपाला जोडणारे दोन्ही तुकडे तरी मऊ रबरी ट्यूबचे ठेवावेत. दिसण्यासाठी तेही नको असतील, तर पंप कॅबिनेटच्या सर्वांत जाड भागावर घट्ट बसवावा आणि आवाजाचा बंदोबस्त गतीने करावा.

गती कमी करताना तापमानाची धास्ती अनेकांना वाटते, ती बहुतांशी निराधार आहे. तासाला २४० लिटर प्रवाहात ३०० वॉट उष्णता सोडली तर लूपच्या एका फेरीत पाणी साधारण १.१ अंशाने तापते. प्रवाह निम्मा केला तर २.२ अंशाने. ब्लॉकमधील उष्णतावहन थोडे घटते हे खरे, तरी फरक काही अंशांच्या पलीकडे क्वचितच जातो, आणि दुसरीकडे पंपाला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात उतरते. म्हणून आधार कोणताही निवडला तरी गती एकदा तळापासून वरपर्यंत सावकाश फिरवून पाहावी, ज्या टप्प्यावर पत्रा गुणगुणतो तो टिपून ठेवावा, आणि पंप त्याच्या जरा खाली किंवा वर कायम करावा. त्याआधी लूपमधली हवा कॅबिनेट चहूबाजूंनी कलवून पूर्ण काढलेली असावी, आणि मोटर वर व पाण्याची बाजू खाली अशी उलटी मांडणी टाळावी, कारण तिथे साचलेल्या बुडबुड्यांची खरखर कोणताही स्पंज थांबवू शकत नाही.